पांकाराच्या दोन बाटल्या

१

टेबलावर पांकाराच्या दोन बाटल्या शेजारीशेजारी उभ्या होत्या, आणि त्यांतली एक धडधडीत खोटं बोलत होती.

एकीतलं पाणी जेमतेम निळसर होतं, कुणी शाईचं बोट बुडवून लगेच काढून घ्यावं तसं. दुसरी मात्र गर्द निळी, जवळजवळ काळी. दोन्हींत औषधाचे थेंब सारखेच टाकलेले. पाण्यात फॉस्फेट जितकं जास्त, तितका हा रंग गडद होतो. फॉस्फेट म्हणजे शेवाळाचा खुराक. ते वाढलं की तलाव हिरवा पडतो आणि मासे वर तोंड काढून धापा टाकतात. दोन्ही बाटल्यांवर चिठ्ठी एकच होती. ठिकाण पांकारा, तारीख तीच, खोली हातभर.

“निळसर बाटली सेन्योरा एर्मेलिंदांनी भरलेली,” इंजिनिअर पिनेदा म्हणाले. ते पेरूच्या काठावरल्या पुनो शहरातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि बोलताना नेहमी लिंबाची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचे. “गडद मी भरलेली. फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या सणापर्यंत प्रयोगशाळेच्या आणि ह्यांच्या बाटल्यांचं छान जमत होतं. सणानंतर ह्यांचं पाणी एकाएकी डोंगरातल्या झऱ्यासारखं झालं. आता मी काय समजायचं?”

सभागृहात कुणीतरी खोकलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या नेलिदाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एर्मेलिंदा तिची आई होती.

सभा ज्या कामासाठी भरली होती ते काम तसं सुंदर होतं. टिटिकाका तलाव एकच, पण त्याच्या पाण्याचे आकडे ज्याच्या त्याच्या मर्जीनं लिहिलेले. पेरूचे लोक एका मापात, बोलिव्हियाचे दुसऱ्या. कुणी दिवस आधी लिहितो, कुणी महिना. पलीकडच्या काठावरची घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे ‘सकाळी आठ’सुद्धा दोन्हीकडे एकच वेळ नसते. म्हणून दोन्ही देशांचे आणि तरंगत्या बेटांवरचे लोक एकत्र बसून ठरवत होते, की यापुढे प्रत्येक आकड्यासोबत त्याची ओळखही लिहायची आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहायची. पाणी कुठलं, केव्हाचं, किती खोलवरचं, कुणी भरलं, कशानं मोजलं. त्याला त्यांनी मेटाडेटा असं भारदस्त नाव दिलं होतं. नेलिदाच्या मते त्यात भारदस्त काही नव्हतं. नवीन माणूस दारात आला की आपण विचारतोच ना, कोण रे तू, कुठला, कुणाचा? तेच आता पाण्याला विचारायचं.

आणि नेमकं ह्याच सभेत तिच्या आईला खोटारडी म्हणत होते. तेही थेट नाही, गोळी चघळत चघळत.

“सेन्योरा,” सभेच्या अध्यक्ष डॉक्टर आरांसिबिया म्हणाल्या. त्या बोलिव्हियातल्या ला पासहून आल्या होत्या, केस पांढरे आणि आवाज शांत. “तुम्ही बाटली पांकारालाच भरलीत ना?”

आई उठली. परकर नीट केला. “पांकारालाच भरली,” ती म्हणाली, आणि बसली. पुढे एक शब्द नाही.

“हे सिद्ध झालं नाही तर,” पिनेदा म्हणाले, “बेटांनी स्वतः पाणी भरायची पद्धत बंद करावी लागेल. आणि मग ह्या टेबलाशी बेटांची खुर्ची तरी कशाला?”

ती खुर्ची मिळवायला आईनं किती खेटे घातले होते ते नेलिदाला माहीत होतं. आई बोलत नाही म्हटल्यावर तीच उभी राहिली. गेल्याच महिन्यात शाळेच्या वादविवादात ती पहिली आली होती, आणि तेव्हापासून उभं राहिलं की शब्द आपोआप येतात असा तिचा समज होता.

“मला उद्या दुपारपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली. “दोन्हींतली कुठली बाटली खोटी, ते मी शोधून देते.”

“तू कोण बाळ?” पिनेदांनी विचारलं.

“नेलिदा लुहानो. पांकारा बेटाची. वय सोळा. आता माझी पूर्ण ओळख लिहून घ्या.”

डॉक्टरबाई गालातल्या गालात हसल्या. “उद्या दुपारपर्यंत,” त्या म्हणाल्या. “सकाळी आम्ही पुन्हा पाणी भरायला जाणार आहोत. तूही आमच्या बोटीतून चल.”

बाहेर पडताना आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. नेलिदाला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

“ह्यात पडू नकोस,” आई म्हणाली. “तुला जे सापडेल ते मला नको आहे.”

२

पहिला संशयित होता रुफिनोकाका. आई बाटल्या भरायची, पण त्या बंदरापर्यंत आणायचा रुफिनो, त्याच्या बोटीतल्या बर्फाच्या पेटीतून. बाटली बदलायची तर ह्याहून सोपी जागा नव्हती.

त्याच्याच बोटीतून दोघी घरी निघाल्या. आई पुढे, शाल डोक्यावर ओढून. नेलिदा मागे, रुफिनोच्या शेजारी.

“काका, पेटी दाखव.”

“का गं, पोलिसात लागलीस?”

“दाखव ना.”

तिनं झाकण उघडलं. बर्फ, ट्राऊट मासे, आणि बर्फात खुपसलेली पिवळ्या सोड्याची मोठी बाटली. पेटीला लावायची चिकटपट्टी अर्धवट फाटलेली.

“सील तुटलंय,” नेलिदा म्हणाली. चोर सापडला? इतक्या लवकर?

“तुटणारच. थंड सोडा काय मनातल्या मनात प्यायचा?” रुफिनो खो खो हसला. “अगं पोरी, त्या बाटल्यांना तुझी आई वरून मेण लावते. मेण फुटलं तर पिनेदासाहेबच बाटली परत पाठवतात, एकदा पाठवलीही. विचार त्यांना. मी सोडा चोरतो, पाणी नाही. पाणी कोण चोरेल? सगळीकडे पाणीच तर आहे.”

मेण. खरंच की. आई मेणबत्तीचं मेण ओतायची आणि वर अंगठा दाबायची. तो अंगठा बदलता येत नाही. रुफिनो सुटला.

“आणि डिझेल कोण देणार मला?” तो पुढे कुरकुरला. “हल्ली तुमच्याकडे यायचं म्हणजे तोतोराच्या सगळ्या गल्ल्या फिरून यायचं. पूर्वी कसं, बंदरावरून नाकासमोर निघालो की पोचलो.”

“रुफिनो,” पुढून आईचा आवाज आला. मागे वळूनही तिनं पाहिलं नाही.

रुफिनो गप्प झाला. बोट तोतोराच्या भिंतींमधून जात राहिली. दोन्हीकडे ह्या लव्हाळ्याची माणसाहून उंच हिरवी पाती, खाली त्यांच्याच सावल्या. नेलिदा त्याच्याकडे झुकली.

“आईनं तुला गप्प का केलं?”

“ते मला विचारू नकोस,” तो पुटपुटला. “तुझ्या आईला विचार, ती कांदेलारियापासून कुणाचं तोंड बघत नाही ते.”

३

तोतोराच्या मुळ्या आणि पाती रचून केलेलं हे बेट, पाऊल ठेवलं की खाली किंचित दबतं आणि पुन्हा वर येतं, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखं. नेलिदाच्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा शाळेची फरशी लागली तेव्हा ती कडक आणि मेलेली वाटली होती.

धाकटी बहीण आत झोपली होती. आईनं चुलीवर काराची नावाच्या छोट्या माशांचं सूप ठेवलं. नेलिदा झोपडीच्या दाराशी बसून विचार करत होती. बेटावर पूर्वी होता तो टेहळणीचा मनोरा आता नव्हता, नाहीतर ती वर जाऊन बसली असती. विचार करायला आणि फोनला रेंज मिळवायला तीच जागा बरी होती. भिंतीवर दोन मुठींची लांब करवत टांगलेली होती, दात चिंध्यांनी बांधलेले. आई ती कधी खाली काढायची नाही आणि तिच्याकडे पाहायचीही नाही.

“आई, एकच विचारते. बाटली तू दुसरीकडे नाही ना भरलीस?”

“हातभर खोल, बेटाच्या सावलीच्या बाहेर, शिकवलं तसं,” आई म्हणाली. “खोटं मी बोलत नाही.”

“मग भांडत का नाहीस त्यांच्याशी?”

आईनं सुपात मीठ टाकलं. मग पुन्हा टाकलं. दोनदा टाकलंय हे तिच्या लक्षात आलं नाही.

“तुझे आजोबा म्हणायचे, घरातलं तुटलेलं काठावर दाखवायला न्यायचं नाही. जेव.”

सूप खारट झालं होतं. नेलिदानं ते निमूट संपवलं, आणि मग दप्तरातून शाळेच्या विज्ञान मंडळाची पेटी काढली. तीच औषधं, तेच थेंब. ऊन अजून पाण्यावर पसरलेलं होतं. बेटाच्या सावलीबाहेर हात घालून तिनं पाणी घेतलं, थेंब टाकले, आणि बाटली उजेडाकडे धरली.

रंग चढायला वेळ लागतो. ती श्वास रोखून बघत राहिली. पाणी हळूहळू, लाजत लाजत निळसर झालं, आणि तिथेच थांबलं.

आई खरं बोलत होती.

नेलिदाला नाचावंसं वाटलं, आणि लगेच अंगावर काटाही आला. आईची बाटली खरी असेल, तर खोटी पिनेदांची. आणि उद्या सकाळी ती त्यांच्याच बोटीत, त्यांच्याच शेजारी बसणार होती.

४

सकाळी धुकं होतं. तलाव आणि आभाळ यांच्यामधली रेघच पुसली गेली होती. बोट कशावर चालली आहे तेही कळेना. नेलिदाला त्याचं काही नव्हतं. तिचे डोळे फक्त पिनेदांच्या हातांवर होते.

“तू माझ्याकडे अशी काय बघतेस?” पिनेदांनी विचारलं. बोट लागून त्यांचा चेहरा फिका पडला होता.

“हातचलाखी कशी करतात ते शिकतेय.”

“नेलिदा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात हसू होतं.

पिनेदा रागावले नाहीत. त्यांनी खिशातून गोळ्या काढून तिला एक दिली. “हे बघ, तुझ्या आईशी माझं काही वैर नाही. मी फेब्रुवारीअखेर, सणानंतर, इथे बदलून आलो. जुन्या साहेबांनी ठिकाणांची नावं दिली, जीपीएस यंत्रात खुणा भरून दिल्या. यंत्र म्हणतं डावीकडे, मी डावीकडे. यंत्र म्हणतं थांब, मी थांबतो. बेटाचा मनोरा दिसला की खात्री. बेटावर मी उतरतही नाही.”

“का?”

“उतरलं की भरतकाम घ्यावं लागतं. माझ्या घरात आता उशांना जागा नाही.”

नेलिदाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. संशयितानं असं आवडण्यासारखं वागू नये.

यंत्र टिवटिवलं. बोट थांबली. पिनेदांनी बाटली धुतली, दोघींदेखत तोंड खाली करून पाण्यात बुडवली, हातभर खोल नेली, उलटी केली, भरली. नेलिदाची पापणी लवली नाही. बाही रिकामी. खिसे रिकामे. दुसरी बाटली कुठेच नाही. थेंब डॉक्टरबाईंनी स्वतः टाकले.

पाणी निळं झालं. मग आणखी निळं. मग गर्द, कालच्यासारखं जवळजवळ काळं.

कुणीच खोटं बोलत नव्हतं.

दप्तरातल्या पेटीतली आपली कालची बाटली तिनं शेजारी धरली. दोन्ही खऱ्या. दोन्ही पांकाराच्या. पिनेदांनी तिच्याच डोळ्यांदेखत भरली होती. तिच्या बाटलीला तर तिचाच हात लागला होता. एकच पाणी दोन रंगांचं कसं असेल?

“झालं,” पिनेदा सुस्कारा टाकून म्हणाले आणि चिठ्ठीवर लिहू लागले. “ठिकाण, पांकारा.”

आणि तेव्हा, सकाळपासून पहिल्यांदाच, नेलिदानं त्यांच्या हातांवरून नजर उचलून वर पाहिलं.

धुकं फाटलं होतं. समोर तोतोराचा मनोरा उभा होता, माशाच्या आकाराचा, शेपूट जरा वाकडी. ती शेपूट नेलिदानं स्वतः विणली होती, नऊ वर्षांची असताना. मनोऱ्यावर एक माणूस लोकरी टोपी घालून उभा होता आणि तिच्याकडे टक लावून बघत होता.

“आबदोनमामा,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

५

“मला उतरायचंय,” नेलिदा म्हणाली.

आबदोनमामानं हात दिला नाही, पण शिडी सोडली. तो तिच्या आईचा सख्खा भाऊ. कांदेलारियानंतर तो आणि आई एकमेकांशी बोलले नव्हते. ती बेटावर उतरली आणि पायाखालचा तोतोरा ओळखीचा दबला. इथेच ती चालायला शिकली होती.

“मामा, ह्या साहेबांनी तुला कधी विचारलं होतं, हे कुठलं बेट म्हणून?”

“पहिल्याच दिवशी विचारलं. बोटीतूनच ओरडून.”

“काय सांगितलंस?”

“पांकारा.” मामानं टोपी कानांवर ओढली. “खोटं आहे? मी पांकाराचा, माझा बाप पांकाराचा. तुझी आई निघून गेली म्हणून मी कुठला झालो?”

“आईसुद्धा तेच सांगते. तिचं पांकारा.”

“मग सांगू दे की.”

“मामा, तिला खोटारडी म्हणतायत. भरसभेत.”

मामा पाण्याकडे बघू लागला. त्याच्या कडेला पाण्यावर हिरवट साय धरली होती, आणि कुजका वास येत होता.

“ती का नाही सांगत?” त्यानं शेवटी विचारलं.

“आजोबांची आण. घरातलं तुटलेलं काठावर न्यायचं नाही.”

“भांडणात माझंही नाव निघेल म्हणून गप्प आहे म्हण की,” मामा म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. “वेडी आहे ती. पहिल्यापासून.”

बोटीत परत आल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, “काय सापडलं?”

नेलिदानं मान हलवली. तिला सगळं सापडलं होतं. पण ते तिचं नव्हतं, आईचं होतं. सांगितलं तर आईनं वर्षानुवर्षं जपलेला शब्द मोडणार. नाही सांगितलं तर आईचं नाव जाणार. वादविवादात पहिलं येणं ह्याच्यापुढे किती सोपं होतं.

६

दुपारी सभागृह खचाखच भरलं. नेलिदानं आधी आईला गाठलं होतं आणि एवढंच म्हटलं होतं, “मी अर्धंच सांगेन. उरलेलं सांगायचं की नाही ते तुझ्यावर.” आईनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

नेलिदानं टेबलावर पुनोच्या बाजारातला गोल पाव ठेवला. कुणीतरी विचारलं, मध्यंतर झालं का?

“दोन्ही बाटल्या खऱ्या आहेत,” ती म्हणाली, आणि कुजबुज थांबली. “रुफिनोकाकांनी बदलली नाही, मेणावर अंगठा असतो. आईनं दुसरीकडे भरली नाही, मी घरी स्वतः पाणी तपासलं. पिनेदासाहेबांनीही फसवलं नाही, मी त्यांच्या हातांकडे इतकं बघितलं की त्यांना आता स्वप्नात मी दिसणार.”

“दिसशीलच,” पिनेदा म्हणाले.

“मग चुकलंय कोण? आपण सगळेच. चिठ्ठीवर ठिकाण म्हणून आपण काय लिहिलं? पांकारा. हा पाव पांकारा समजा.” तिनं सुरी घेतली आणि पाव मधोमध कापला. एक तुकडा जागेवर राहू दिला. दुसरा तिनं हळूच सरकवला, पाण्याच्या तांब्याशेजारून, कागदांच्या ढिगाला वळसा घालून, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. “आता सांगा, पांकारा कुठाय?”

डॉक्टर आरांसिबियांनी चष्मा काढला.

“बेटं तरंगतात,” त्या हळू म्हणाल्या. “अगं, हे तर इथे सहलीला येणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. आणि तरीही मी बेटाच्या नावाला जागा समजले.”

“आम्हीही समजलो,” नेलिदा म्हणाली. “आमचं उलटं. आम्हाला वाटलं, जिथे आपण तिथे पांकारा, आणि हे सगळ्यांना ठाऊकच असणार. सांगायचं काय त्यात?” ती थांबली. “बेट का कापलं ते मी सांगणार नाही.”

मग खुर्ची सरकली. आई उभी राहिली होती.

“मी सांगते,” ती म्हणाली. “कांदेलारियानंतर पाण्याला वास सुटला होता. माझी धाकटी खोकत होती, मासे पालथे पडत होते. मी म्हटलं, बेट तोतोराच्या पलीकडे नेऊ. माझा भाऊ म्हणाला, तिकडे पर्यटकांच्या बोटी यायच्या नाहीत, पोरांना काय घालू? दोघांचंही खरं होतं. दोघांचंही खरं असलं की भांडण मिटत नाही. मग करवत काढली.” तिनं हाताच्या मुठी वळल्या. “ती करवत एकट्यानं चालत नाही. तिकडून एकानं ओढायची, इकडून दुसऱ्यानं. तुटायचं असलं तरी एका लयीत ओढावं लागतं. सबंध सकाळ मी आणि आबदोननं ती ओढली. एकमेकांच्या डोळ्यांत बघत. शेवटची मुळी तुटली तेव्हा त्यानंच माझ्या बेटाचा दोर सोडला. तेव्हापासून आम्ही बोललो नाही.”

नेलिदा त्या सकाळी काठावर उभी होती, पण हे तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. तिला फक्त करवतीचा आवाज आठवत होता.

“मग पाण्याचं काय?” मागून कुणीतरी विचारलं. “इकडे काळं, तिकडे स्वच्छ, ते कशानं?”

नेलिदानं डॉक्टरबाईंकडे पाहिलं. हे तिलाही माहीत नव्हतं. डॉक्टरबाई उठून नकाशाजवळ गेल्या. त्यांनी आबदोनच्या बेटावर एक बोट ठेवलं, आईच्या बेटावर दुसरं. दोन बोटांच्या मध्ये नकाशावर हिरवी पट्टी होती.

“तोतोरा,” त्या म्हणाल्या. “काठावरून येणारं पाणी ह्या बाजूनं शिरतं. मग ते तोतोराच्या रानातून वाट काढतं, मुळांमुळांतून, खूप हळू. त्या मुळांना फॉस्फेट हवंच असतं. आणि पलीकडे निघतं ते हे.” त्यांनी निळसर बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. “तोतोरा पाणी गाळतो हे आम्ही पुस्तकांत लिहितो. पण ह्या तलावात, ह्या वर्षी, किती गाळतो ते कुणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. एका कुटुंबानं बेट कापलं, आणि नकळत त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बाटली ठेवली. अजून पुष्कळदा मोजावं लागेल. पण बघा तरी. बघून घ्या.”

बाटल्या हातोहात फिरल्या. माणसं त्या उजेडाकडे धरत होती आणि पुढे देत होती. गडद, मग निळसर. मध्ये तो हिरवा तोतोरा, ज्याची सगळ्यांनी घरं बांधली, होड्या बांधल्या, ज्याचा पांढरा गाभा लहानपणी सोलून खाल्ला, आणि जो कुणी न सांगता खाली पाण्यात रात्रंदिवस हे काम करत होता. नेलिदाला वाटलं, आपण जन्मभर एका मोठ्या, शांत, श्वास घेणाऱ्या जिवावर झोपत आलो आणि आज त्यानं एक डोळा उघडून आपल्याकडे पाहिलं.

पिनेदा आईसमोर जाऊन उभे राहिले. गोळी त्यांनी तोंडातून काढली होती. “सेन्योरा, मी चुकलो. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर माफी मागतो.”

“एक उशी घ्या मग,” आई म्हणाली. सभागृह हसलं, आणि सर्वांत मोठ्यानं पिनेदा.

मग काम पुन्हा सुरू झालं. चिठ्ठीवर ठिकाणाच्या नावाखाली आता उपग्रहानं दाखवलेली जागा लिहायची, दर वेळी, नव्यानं. ह्यावर दोन्ही देशांचं लगेच जमलं.

“आणखी एक रकाना हवा,” नेलिदा म्हणाली. “हे ठिकाण हलतं का?”

“फक्त बेटांसाठी,” पिनेदा म्हणाले. “बाकी सगळ्यांचं उत्तर ‘नाही’च येणार. आमचं बंदराजवळचं ठिकाण घ्या. तिथे तर सिमेंटचा खांब…” ते थबकले. खिडकीतून खांब दिसत होता. गेल्या कोरड्या वर्षांत पाणी मागे हटलं होतं. खांब चिखलात उभा होता आणि त्याला कुणाची तरी मेंढी बांधलेली होती. “म्हणजे,” पिनेदा म्हणाले, “खांब नाही हलला. तलाव हलला.”

पलीकडच्या काठाहून आलेला एक तरुण म्हणाला, आमची नदीच्या तोंडाची जागा, पण नदीचं तोंड दर पुरानंतर सरकतं. दुसरा म्हणाला, आमचं तरंगतं यंत्र वाऱ्यानं नांगरासकट ओढलं जातं. एकेक ठिकाण घेत गेले आणि एकेक जण खिडकीबाहेर बघत पेन खाली ठेवत गेला. शेवटी कुणालाच ‘नाही’ लिहिता आलं नाही. नेलिदाच्या अंगावर शहारा आला. सगळा तलाव, एवढा थोरला, नकाशावर इतका निश्चल दिसणारा, आणि त्यात खिळ्यानं ठोकलेली एकही जागा नव्हती.

“रकाना राहील,” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. “सर्वांसाठी.”

दारात कुणीतरी उभं होतं. आबदोनमामा, लोकरी टोपी हातात. तो केव्हापासून तिथे होता कोण जाणे. त्यानं आईकडे पाहिलं नाही, आईनंही त्याच्याकडे नाही.

“दोन ठिकाणांना एकच नाव कसं चालेल?” पिनेदांनी विचारलं. “एकाचं बदलायला हवं. पांकारा जुनं, पांकारा नवं, काहीतरी. कुणाचं बदलू?”

मामाची मान खाली गेली. इतके महिने त्यांचा अबोला खरं पांकारा कुणाचं ह्यावरच अडून होता, हे त्या सभागृहात तिघांनाच माहीत होतं. नेलिदानं पेन उचललं आणि आईकडे पाहिलं.

“त्याचंही पांकाराच लिही,” आई म्हणाली. “कुणाचं कुठे आहे ते आता खाली लिहिलेलं असेलच ना.”

नेलिदानं दोन चिठ्ठ्या घेतल्या. दोन्हींवर वर लिहिलं, पांकारा. खाली दोन वेगळ्या जागा. आणि शेवटच्या रकान्यात, हे ठिकाण हलतं का, तिथे तिनं एकीवर ‘हो’ लिहिलं. दुसरीवरचं ‘हो’ लिहायला तिनं पेन दाराच्या दिशेनं पुढे केलं, तेव्हा ते घ्यायला मामा दारातून आत आला होता.